दांडे खाली ठेवता आले पाहिजेत

बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली १६ एप्रिल १८५३ रोजी. तोक्योच्या आसाकुसा भागात 'जपानचं पारंपरिक वाहन' म्हणून पर्यटकांना जिच्यात बसवतात, ती हातरिक्षा त्यानंतर सोळा वर्षांनी, १८६९ च्या सुमारास रस्त्यावर आली. आपली आगगाडी तिच्याहून वयानं वडील आहे. हे मला तेव्हा माहीत असतं, तर तिथल्या कामिनारिमोन या वेशीसमोर आईशी घातलेला वाद मी 'परंपरा' या एका शब्दाच्या जोरावर लढवला नसता.

आईचे गुडघे दुखतात. सेन्सो-जीचं देऊळ, नाकामिसेची गजबजलेली दुकानं, मग सुमिदा नदीचा काठ, एवढं फिरून ती दमली होती. वेशीतल्या त्या प्रचंड लाल कंदिलासमोर रिक्षांची रांग उभी होती. काळ्या रंगाच्या, उंच चाकांच्या, स्वच्छ पुसलेल्या. विशी-बाविशीतली एक मुलगी पुढे आली. अंगात हाप्पी हा आखूड अंगरखा, पायात अंगठा वेगळा असलेले जिकाताबी बूट, उन्हानं रापलेला चेहरा. जमेल तशा इंग्रजीत तिनं भाडं सांगितलं. आई दोन पावलं मागे सरकली.

"माणसानं ओढायच्या गाडीत मी बसणार नाही."

"अगं आई, इथली परंपरा आहे ती."

"असू दे. माथेरानलाही मला असंच सांगितलं होतं."

माथेरानची ती गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. लग्नानंतर आई-बाबा तिकडे गेले होते. दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत लाल मातीचा चढ, नवी साडी, सामान. बाबांनी हातरिक्षा केली. पुढे ओढणारा माणूस वयस्क होता आणि चढावर त्याला खोकल्याची उबळ यायची. "थांबा जरा, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं," आई म्हणाली, "पण मी नवी नवरी. कोण काय म्हणेल म्हणून गप्प बसले. तो खोकला अजून ऐकू येतो मला."

यावर मी काय बोलणार? आईच मग त्या मुलीकडे वळली आणि मला म्हणाली, "हिला विचार, उद्या हे काम सोडायचं म्हटलं तर सोडता येईल का?" मी विचारलं. मुलगी हसली. विद्यापीठात शिकते, आठवड्याचे तीन दिवस गाडी ओढते, पुढच्या वर्षी नोकरी लागली की सोडणार, पण सोडताना वाईट वाटेल, असं तिनं सांगितलं. आईनं पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती गाडीत बसली.

आईचा तो प्रश्न मला गेली दोन वर्षं सोडत नाही. माणसानं माणसाला ओढावं का, यावर आपल्याकडे बोलताना दोनच सूर लागतात. एक म्हणतो, हे अमानुष आहे, जगातून नाहीसं झालं पाहिजे. दुसरा जपानकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, पुढारलेल्या देशानं कसा वारसा जपलाय, आणि आपण उगाच गरिबाच्या पोटावर पाय देतोय. मला हे दोन्ही पटत नाही. आसाकुसातली रिक्षा आज सन्मानाची आहे, हे मी मानते. पण हा सन्मान तिला परंपरा जपल्यामुळे लाभलेला नाही. परंपरा मध्ये तुटली म्हणून लाभला आहे. ही तूट विसरून जपानचा दाखला देणं म्हणजे माथेरानच्या त्या खोकणाऱ्या माणसावर आणखी एकदा अन्याय करणं आहे.

आधी त्या परंपरेकडेच नीट पाहू.

जपानी शब्द आहे 'जिनरिकिशा'. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. हा शब्द जगभर फिरत आपल्यापर्यंत आला तोवर त्यातला 'जिन' गळून पडला. आपल्या 'रिक्षा'त बळ उरलं, गाडी उरली, माणूस तेवढा गेला. पुण्यामुंबईत तीनचाकी रिक्षाला हात करताना हे कोणाच्या मनातही येत नाही.

तोकुगावा राजवटीत माणसांच्या प्रवासासाठी चाकाच्या गाड्या वापरण्यावर कडक बंधनं होती. ऐपतदार लोक 'कागो'तून जात. आपल्याकडची डोली असते तसंच ते, पुढेमागे खांदा देणारे आणि मध्ये बांबूला टांगलेली टोपली. आपले भोई जे करत तेच तिथले खांदेकरी करत. १८६८ मध्ये राजवट बदलली, बंधनं उठली आणि वर्षभरात इझुमी योसुके आणि त्याच्या दोन साथीदारांनी पाश्चात्त्य घोडागाडी पाहून ही हलकी दुचाकी गाडी बनवली, असं मानलं जातं. १८७० मध्ये तोक्योच्या प्रशासनानं परवाना दिला. दोन माणसांचं काम एक माणूस करू लागला, तेही दुप्पट वेगानं. त्या काळाच्या हिशेबात ही सुधारणा होती, आणि खांद्यावरचा भार चाकावर गेला हेही खरंच. १८७२ पर्यंत एकट्या तोक्योत सुमारे ४०,००० रिक्षा झाल्या. त्याच वर्षी शिम्बाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे सुरू झाली. शतकाच्या अखेरीस देशभरात रिक्षांची संख्या दोन लाखांवर गेली होती. म्हणजे रिक्षा आणि रेल्वे ही जपानात एकाच पिढीची भावंडं. जिला आज आपण 'जुन्या जपानचा श्वास' वगैरे म्हणतो, ती तेव्हाच्या लोकांना अगदी नवी, घाईची, शहरी वस्तू वाटत होती.

आणखी एक गंमतीची गोष्ट. कामिनारिमोनसमोर रिक्षात बसून काढलेला फोटो हा आज आसाकुसाच्या फेरीचा कळस. पण ती वेस १८६५ मध्ये आगीत जळाली आणि पुन्हा कायमची उभी राहिली थेट १९६० मध्ये, उद्योगपती मात्सुशिता कोनोसुके यांच्या देणगीतून. मधली पंचाण्णव वर्षं तिथे कायमची वेस नव्हतीच. म्हणजे रिक्षांचा भर होता तेव्हा ही वेस नव्हती आणि वेस पुन्हा बांधली तेव्हा रिक्षा संपल्या होत्या. सेन्सो-जीचं मुख्य देऊळही १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि १९५८ मध्ये नव्यानं बांधलं गेलं. जे दृश्य आपण परंपरा म्हणून मोबाइलमध्ये टिपतो ते इतिहासात बहुधा कधीच दिसलं नव्हतं. मी हे आसाकुसाला खोटं ठरवायला सांगत नाही. दोनदा बेचिराख झालेल्या वस्तीनं स्वतःला पुन्हा उभं केलं, याचा मला आदरच वाटतो. पण 'हे असंच चालत आलंय' हे वाक्य तिथे लागू पडत नाही, एवढंच.

आता ती गाडी ओढणारे कोण होते? कागोचा धंदा बुडालेले खांदेकरी, खेड्यातून आलेले भूमिहीन, शहरातले रोजंदार, नव्या राजवटीत पगार गेलेले काही सामुराईसुद्धा. जपानीत त्यांना 'शाफू' म्हणत. योकोयामा गेन्नोसुके या पत्रकारानं १८९९ मध्ये तोक्योच्या गरीब वस्त्यांचं जे वर्णन नोंदवून ठेवलं त्यात या शाफूंच्याही प्रतवाऱ्या आहेत. घरंदाज कुटुंबानं पदरी ठेवलेला शाफू सगळ्यांत वरचा. अड्ड्यावरून काम मिळवणारा त्याच्या खाली. आणि तळाशी 'मोरो', म्हणजे धूसर, नीट न दिसणारा. ज्याला ना ठिकाण ना कुठल्या अड्ड्याचा आधार, जो मिळेल तिथे गिऱ्हाईक शोधत फिरतो. माणसांच्या एका थरालाच 'धूसर' हे नाव पडावं, यात त्या शहराची सगळी कहाणी आली.

ही माणसं नुसती सोसत राहिली असंही नाही. १८८२ मध्ये तोक्योत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि शाफूंच्या पोटावर पाय आला. तेव्हा ओकुमिया केन्शी आणि शाफूंचा म्होरक्या मिउरा कामेकिची यांनी मिळून एक पक्ष काढला, 'शाकाइतो'. जपानीत समाजवादी पक्षाचा उच्चारही शाकाइतो असाच होतो. यांनी फक्त 'समाज' या अर्थाचं चिन्ह काढून त्या जागी 'गाडी'चं चिन्ह लिहिलं. गाडीवाल्यांचा पक्ष! सरकारनं तो लवकरच मोडून काढला. पण आसाकुसाच्या फेरीत मुलीनं आम्हाला अर्ध्या तासात सांगितलेल्या गोष्टींमध्ये ही गोष्ट नव्हती. तिचा दोष नाही. तिला शिकवलेल्या माहितीत ती नसणार.

आणि ओत्सू शहरातली गोष्ट. ११ मे १८९१. रशियाचा युवराज निकोलस जपानच्या दौऱ्यावर होता. बिवा सरोवर पाहून तो क्योतोकडे परतत होता, तो रिक्षातूनच. राजेरजवाड्यांनाही तेव्हा जपान रिक्षातूनच दाखवत. वाटेत बंदोबस्तावरच्या एका पोलिसानं, त्सुदा सान्झोनं, तलवारीनं युवराजाच्या डोक्यावर वार केला. निकोलसचा शाफू मुकाइहाता जिसाबुरो यानं हल्लेखोराचे पाय धरून त्याला पाडलं, आणि सोबतच्या ग्रीसच्या राजपुत्राचा शाफू किटागाइची इचितारो यानं खाली पडलेली तलवार उचलून त्याच्यावरच चालवली. रशियानं दोघांना रोख २,५०० येन बक्षीस आणि वर्षाला १,००० येन निवृत्तिवेतन दिलं. जपान सरकारनं वर्षाला ३६ येन. रशियाशी युद्ध पेटल्यावर रशियाकडून येणारे पैसे थांबले. लाखो शाफूंपैकी ज्यांची नावं इतिहासाला ठाऊक आहेत अशा मोजक्यांतले हे दोघे. तेही गाडीत राजपुत्र बसले होते म्हणून.

मग ट्राम आली, मोटार आली. १९२३ च्या भूकंपानंतरच्या तोक्योत रिक्षा झपाट्यानं कमी झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलच्या टंचाईत थोडे दिवस पुन्हा दिसल्या आणि मग वाहन म्हणून संपल्या. इथे ती तूट पडली. पुढचा काही काळ जपानमध्ये रिक्षा म्हणजे गेइशांच्या वस्तीत किंवा सणासमारंभाला दिसणारी वस्तू होती. कोणाचं पोट तिच्यावर अवलंबून नव्हतं. पोरांना शाळा मिळाली, कारखान्यात काम मिळालं, म्हातारपणाला निवृत्तिवेतन आणि आजारपणाला विमा मिळाला. यातलं काहीही रिक्षाच्या प्रेमापोटी झालेलं नाही. एका समाजानं गरिबी हटवताना हा धंदा वाटेत मागे टाकला.

पर्यटनाची रिक्षा त्यानंतर आली. ताकायामासारख्या जुन्या गावात तिची सुरुवात झाली, मग क्योतोच्या अराशियामात १९९२ मध्ये एबिसुया ही कंपनी निघाली आणि हा व्यवसाय आसाकुसा, कामाकुरा, नारा, ओतारू असा पसरला. या गाडीचा आणि जुन्या गाडीचा आकार सारखा आहे, धंदा मात्र वेगळा आहे. जुन्या शाफूकडून लोक वेग विकत घेत. आजच्या शाफूकडून गोष्ट विकत घेतात. आम्हाला कुठेही पोहोचायचं नव्हतं. जिथून बसलो तिथेच उतरलो. मुलीनं गाडी सुरू करण्याआधी पायाशी स्टूल ठेवलं, आईचा हात धरून तिला वर चढवलं, गुडघ्यांवर लाल पांघरूण घातलं आणि दांडे उचलण्याआधी "मी आता उचलते, पाठ टेकून बसा" असं सांगितलं. गल्लीबोळांतून नेलं, कुठून स्कायट्री टॉवर देवळाच्या छपराशेजारी दिसतो तिथे थांबवलं, १८५३ पासून चालू असलेली हानायाशिकी बाग दाखवली. (पहिल्या आगगाडीचंच वर्ष! आईला हे सांगितल्यावर ती खूश झाली.) चढावर तिचा श्वास लागला तेव्हा तिनं स्वतःच गाडी थांबवली आणि आम्हाला दुकानाची पाटी दाखवत उभी राहिली. कोणीही तिला घाई केली नाही. दम लागल्यावर थांबायचा हक्क, तोही गिऱ्हाइकाची परवानगी न मागता; माथेरानच्या त्या माणसाला नेमका हाच नव्हता.

गाडीही सुधारली आहे, हे नोंदवायला हवं. मेइजी काळच्या, म्हणजे १८६८ नंतरच्या, सुरुवातीच्या गाड्यांना लाकडी चाकं आणि लोखंडी पट्टी होती. आता हवेचे टायर आणि बेअरिंग आहेत. सुमारे ८० किलोची गाडी, वर दोन माणसं, पण वजन आसावर नीट तोललेलं असलं की सपाट रस्त्यावर ती हलकी धावते. खरं कसब उतारावर थांबवण्यात आहे. तरीही हे मेहनतीचं काम आहे आणि ते हलकं आहे असं भासवण्यात अर्थ नाही.

इथे कोणी म्हणेल, मग काय, पोशाख घातला, गोष्टी सांगितल्या की झालं सन्मानाचं? तसं नाही, आणि याचा पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये आहे. तिथे १८९२ मध्ये साखर कारखानदार मार्शल कॅम्पबेल यानं रिक्षा आणल्या आणि दहाबारा वर्षांत त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ओढणारे झुलू पुरुष. पुढे वाहन म्हणून गरज संपत गेली तशी त्यांच्या अंगावरची मण्यांची कलाकुसर वाढत गेली, डोक्यावर शिंगांचे मोठमोठे मुकुट आले, गाडी ओढताना उड्या मारून नाच करणं आलं. समुद्रकिनाऱ्यावर गोरे पर्यटक त्यात बसून फोटो काढत. पोशाख आसाकुसाहून कितीतरी भपकेबाज होता. पण त्या माणसाला त्या किनाऱ्यावर पोहायची बंदी होती, त्या हॉटेलात राहायची बंदी होती, शहरात राहायलाही पास लागत होता. तिथे पोशाखानं माणसाला सन्मान दिला नाही. त्याच्या अवस्थेवर रंग चढवला.

म्हणून माझी कसोटी आईचीच आहे. दांडे उद्या खाली ठेवायचे म्हटलं तर ठेवता येतात का? ठेवल्यावर घरी चूल पेटते का? नको असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं का? ओढणाऱ्याला उद्या स्वतः गाडीत बसावंसं वाटलं तर बसता येईल का? आसाकुसातली मुलगी सुट्टीच्या दिवशी आपल्या आजीला तिथे बसवू शकते. तोक्योत असे शाफू समाजमाध्यमांवर लोकप्रिय होतात, त्यांचे चाहते त्यांचं नाव घेऊन गाडी ठरवतात, आणि मुलींची संख्याही वाढते आहे. कोणी पाठवलं म्हणून त्या आलेल्या नाहीत.

या कसोटीवर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मला गंभीर वाटतो. निवड कोणाचीच पूर्ण मोकळी नसते. त्या विद्यार्थिनीलाही फी भरायची असेल. येन घसरला आहे, २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे जपानमध्ये आले, आणि बाहेरच्या पैशासाठी जपानी तरुण दांडे उचलतायत असंही म्हणता येईल. मान्य. पण मग हॉटेलात रात्रपाळी करणारा, सायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवणारा, आपल्याकडचा माथाडी, यांच्या श्रमाकडेही त्याच नजरेनं पाहावं लागेल. श्रम शरीराचे आहेत म्हणून लाजिरवाणे, ही कल्पना मला मान्य नाही. ती आपल्या जातिव्यवस्थेतून आलेली आहे. बैठं काम उजवं आणि अंगमेहनतीचं काम हलकं, हे मानणाऱ्याला दोन्ही रिक्षा सारख्याच खटकतील. मला खटकते ती सुटका नसणं. शंभर टक्के मोकळीक कुठेच नसते, पण नोकरी बदलता येणं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच दांड्यांना बांधलेलं असणं यांतलं अंतर इतकं मोठं आहे की ते पाहायला तत्त्वज्ञान लागत नाही.

जपानी कारभाराकडेही माझ्या दोन तक्रारी आहेत. तिथल्या वाहतूक कायद्यात रिक्षा 'हलकं वाहन' म्हणून सायकलच्या पंक्तीत येते, त्यामुळे ती रस्त्यानं, गाड्यांच्या बरोबरीनं धावते. शाफूचं प्रशिक्षण, उन्हाळ्यातल्या कामाचे तास, विमा हे मोठ्या प्रमाणात कंपनीच्या चांगुलपणावर सोडलेलं आहे. तोक्योचा उन्हाळा आता ३५ अंशांच्या वर जातो. हौसेनं केलेलं काम म्हणून त्याला नियम नकोत, असं होत नाही. दुसरं म्हणजे गर्दी. कामिनारिमोनपाशी गिऱ्हाइकांच्या मागे लागणं वाढलं की पायी चालणाऱ्यांना त्रास होतो. क्योतोच्या गिओनमध्ये तर रहिवाशांना २०२४ मध्ये खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी घालून १०,००० येन दंडाच्या पाट्या लावाव्या लागल्या. त्या गल्ल्यांचा प्रश्न रिक्षांमुळे आला नाही, पण राहत्या वस्तीला देखावा समजण्याची सवय तीच आहे. किती गाड्या, कुठल्या रस्त्यानं, किती वाजेपर्यंत, हे ठरवण्याचा पहिला अधिकार तिथे राहणाऱ्यांचा हवा. याहून जास्त मी बाहेरून बोलणं बरं नाही.

माथेरानबद्दल मात्र मी बाहेरची नाही.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढण्याची प्रथा राज्यघटनेतल्या प्रतिष्ठेच्या हमीशी विसंगत आहे, असं न्यायालयानं ठामपणे म्हटलं. गुजरातेतल्या केवडियासारखी योजना आखून ई-रिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात, आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. त्या आदेशानंतर माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी मला आसाकुसाचे फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं एकच, बघ, जपानला चालतं, आपल्याला का चालत नाही?

कारण आपल्याकडे ती तूट अजून पडलेली नाही. माथेरानला मोटारींना बंदी आहे, ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, हे योग्यच. १९०७ पासूनची नेरळची छोटी गाडी पावसाळ्यात अडते. अशा गावात हातरिक्षा हे गरजेचं वाहन होतं. आजारी माणूस, म्हातारी, सिलिंडर, सामान, सगळं माणसानं ओढायचं; एक पुढे, बाकीचे मागून ढकलत. परवानाधारक ९४. त्यातले कितीतरी दुर्गम वाड्यांतून आलेले, ज्यांच्या बापांनीही तेच केलं. या कामाला 'वारसा' म्हणायचं आणि चालू ठेवायचं, म्हणजे डर्बनचे शिंगांचे मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवण्यासारखं आहे. केदारनाथला कंडीत, माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत, बसून जाणारे, घारापुरीच्या पायऱ्यांवर खुर्चीतून वर जाणारे आपण सगळे या प्रश्नात आहोत. आईसारखे.

पण बंदी घालून मोकळं होणं हीही अर्धीच गोष्ट आहे, आणि हे आपल्याच न्यायालयानं पूर्वी ओळखलं होतं. १९८० मध्ये अमृतसरच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. सायकलरिक्षा फक्त मालकानंच चालवावी असा पंजाबचा कायदा होता. हेतू चांगला, पण भाड्यानं रिक्षा चालवणाऱ्यांचा रोजगार त्यामुळे जाणार होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा तसाच ठेवून पंजाब नॅशनल बँकेच्या कर्जातून त्या चालकांना रिक्षांचे मालक करणारी योजनाच निकालात आखून दिली. माथेरानच्या निकालानं याच प्रकरणाची आठवण करून दिली आहे. ई-रिक्षांचा प्रयोग माथेरानमध्ये सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या गाड्या कोणाच्या हाती गेल्या, यावरूनच वाद कोर्टापर्यंत पोहोचला होता. म्हणून मालकी कोणाची, हा प्रश्न मला बंदीइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्यानं आयुष्यभर दांडे ओढले त्याच्या नावावर ई-रिक्षा झाली, तर तूट पडेल. तीच रिक्षा हॉटेलवाल्याच्या नावावर झाली आणि तो पगारी चालक झाला, तर दांड्यांच्या जागी स्टिअरिंग येईल, बाकी सगळं तसंच राहील.

आणखी एक मागणी आहे, ती दोन्हीकडे. आसाकुसाच्या फेरीत कुठेतरी एक थांबा असावा जिथे शाफू सांगेल, की आज मी हौसेनं जी गाडी ओढते ती माझ्या पणजोबांच्या पिढीनं भुकेपोटी ओढली, त्यांनी ट्रामविरुद्ध गाडीवाल्यांचा पक्ष काढला, त्यांच्यातल्या तळाच्या माणसांना 'धूसर' म्हणत. पर्यटक पळून जाणार नाहीत. उलट मुलीच्या कामाची किंमत त्यांना अधिक कळेल. आईला तरी कळली असती.

आणि माथेरानच्या स्टेशनाजवळ एक हातरिक्षा कायमची उभी करावी, कोणी न ओढण्यासाठी. तिच्याशेजारी ओढणाऱ्यांची नावं लिहावीत, गावासकट, किती वर्षं ओढली त्यासकट. ओत्सूच्या दोघांची नावं राजपुत्रामुळे उरली. इथे राजपुत्राची गरज नाही; ही ९४ नावं परवान्यांच्या वहीत आहेत. त्याआधीच्या पिढीची नावं काही घरांत अजून विचारता येतील. आईच्या रिक्षापुढच्या त्या माणसाचं नाव तिला माहीत नाही. तेव्हा तिनं विचारलं नव्हतं.